केशरी दुधाची अळंबी

गिरावीन, सिडनी
६ एप्रिल २०२०

चि. अंजू,

'चि. सौ.' लिहायला हात गेला होता, तो आवरला. तुझं आणि यतीनचं कोर्टात सुटून चौदा महिने झाले, तेव्हा मी तुझी सासू होते असं म्हणायचं की आहे असं, ते मला ठाऊक नाही. आशीर्वाद मात्र पूर्वीचेच आहेत, ते घे.

मी फेब्रुवारीत आले. तीन महिने राहायचं, ओवीला डोळे भरून बघायचं आणि कुडाळला परत जायचं, असा बेत होता. आता विमानं बंद आणि मी या घरात. यतीन जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून दिवसभर मीटिंगा करतो. घराच्या भिंती पापडासारख्या. मी स्वयंपाकघरात शिंकले तर त्याच्या मीटिंगमधली माणसं 'ब्लेस यू' म्हणतात. तुझ्याशी फोनवर बोलायचं तर त्याच्या समोरच बोलावं लागेल, आणि तुझं नाव निघालं की तो पाणी प्यायला उठतो. म्हणून पत्र. कुडाळच्या पोस्टात तीस वर्षं खिडकीत बसले, पत्राची मला भीती नाही. तुझा पत्ता ओवीच्या वाढदिवसाच्या पार्सलवरून एकेक अक्षर बघून उतरवला. रोज व्यायामाला बाहेर पडायची परवानगी आहे, वाटेत लाल पेटी लागते. इथली टपालपेटी मीच उघडते, तेव्हा उत्तर बिनधास्त पाठव.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला ओवीला भेटायचं आहे. रविवारी व्हिडिओवर ती 'हाय आजी, आय ॲम गुड' म्हणते आणि संपतं. यतीन म्हणतो, तू तिला इकडे पाठवायला तयार नाहीस. या दिवसांत आईला भीती वाटणारच, तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. पण मी सत्तरीची आहे, गं. पुन्हा एवढा प्रवास झेपेल असं वाटत नाही. एकदा तरी पाठव.

तुझी,
सुरुची

*

ओबेरॉन
१४ एप्रिल २०२०

ती. आई,

नमस्कार. दुसरं काही लिहून बघितलं, 'सुरुचीताई' वगैरे, पण ते माझं मलाच हसू आलं. म्हणून आईच.

तुमचं पत्र बघून मी आधी घाबरले. हाताने लिहिलेला पत्ता म्हटल्यावर वाटलं, कुणीतरी गेलं. मग पोस्टातलं ते गोल अक्षर ओळखलं.

ओवीबद्दल एकदाच लिहिते आणि सोडून देते. तिला पाठवणार नाही असं मी म्हटलेलं नाही. मला कळवलं गेलं की तुमच्या वयाला धोका नको, म्हणून ओवीला आणू नये. मी मानलं. असो.

इथे सिडनीपासून लांब, डोंगरापलीकडे, थंडी सुरू झाली. मी लाकडी बोर्डांच्या फॅक्टरीत क्वालिटीला आहे, आमचं काम चालू आहे. ओवीची शाळा घरी, टॅबलेटवर. पलीकडे मिसेस वांडा राहतात, पोलिश, एकोणऐंशीच्या. मी शिफ्टला गेले की कुंपणाच्या त्या बाजूला खुर्ची टाकून बसतात आणि ओवीवर नजर ठेवतात, दीड मीटर सोडून.

एक विचारायचं होतं. आमच्या मागे पाईनच्या झाडांची लांब रांग आहे. गेल्या आठवड्यात पाऊस पडला आणि त्यांच्या खाली, सुयांच्या गादीतून, केशरी छत्र्या वर आल्या. वांडाबाईंनी एक बादली भरून कुंपणावर ठेवली, म्हणाल्या, खा. टोपीवर गोल गोल वर्तुळं असतात. कापलं की गाजराच्या रसासारखं केशरी दूध येतं. आणि बोट लागलं की तिथे हिरवं पडतं. त्या हिरव्याने माझा धीरच होत नाही. लग्नाच्या वर्षी श्रावणात तुम्ही अळंबीचं सुकं केलं होतं, ते मी अजून विसरलेले नाही. अळंबीतलं तुमच्याइतकं कुणाला कळतं? खाऊ की नको, सांगा.

अंजू

*

गिरावीन
२० एप्रिल २०२०

चि. अंजू,

तू मला काही विचारलंस, एवढ्यानेच माझा दिवस बरा गेला.

आधी दुसरं. ओवीबद्दलचं तुझं वाक्य दोनदा वाचलं. म्हणजे तुला एक सांगितलं आणि मला दुसरं. यतीनला मी विचारलेलं नाही. त्याच्या घरात राहते, त्याच्या जिवावर खाते, माझी विमानाची नावनोंदणी तोच करतो. विचारलं आणि तो चिडला तर जाऊ कुठे? असा विचार मनात येतो आणि स्वतःचीच लाज वाटते. माझ्याच पोटचा मुलगा, आणि मी त्याला बिचकते. हे मी कुणाला लिहीन असं वाटलं नव्हतं.

आता अळंबी. ती बादली टाकून दे. हात साबणाने धू, ओवीचेही. अगं, ज्यातून दूध गळतं ते खायचं नसतं. शेर बघ, रुई बघ. डोळ्यात गेलं तर डोळा जातो. आणि हिरवं पडतं म्हणतेस? कल्हई गेलेल्या पितळेत आमटी ठेवली की ती कशी कळकते आणि कडेने हिरवी होते, तसलंच हे. वांडाबाई प्रेमाने देत असतील, त्यांच्या पोटाला सवय असेल. आपल्या नाही. रंगीत ती सगळी कुत्र्याची छत्री, हे माझ्या आईने मला सांगितलं आणि तिला तिच्या आईने. आमच्याकडे आजवर कुणाला बाधलं नाही.

आपली अळंबी पांढरी असते. तशी कुठे दिसली तर कळव. ओवीला सांग, आजी तिला शिकवेल.

तुझी,
सुरुची

*

ओबेरॉन
२७ एप्रिल २०२०

ती. आई,

टाकून दिल्या. ओवी रुसली, कारण गोळा करायला तीच वांडाबाईंबरोबर जाते. तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं. कुत्र्याच्या छत्रीला ती इतकी हसली की शेवटी तिला उचकी लागली. आता घरात तिच्या नावडत्या प्रत्येक भाजीचं नाव कुत्र्याची छत्री आहे.

तुम्ही यतीनबद्दल लिहिलंत ते वाचून मला वाईट वाटलं. तुम्ही कुणाला बिचकाल असं मला कधी वाटलंच नव्हतं. लग्नानंतर मीच तुम्हाला बिचकत होते! माझ्यासाठी त्याच्याशी भांडू नका. एवढ्या लांब, अशा दिवसांत, घरात शांतता हवी.

सोबत ओवीचं चित्र आहे. पार्कच्या कडेला मोठा ओक आहे, त्याच्याखाली तिला ही पांढरी दिसली. लहान आहेत त्या अंड्यासारख्या. एक फुटून वर आली आहे, तिच्या दांड्याला झालर आहे. तिला वाटतं, ही आजीची अळंबी. तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही असं मी बजावलं आहे.

तिला मराठी लिहिता येत नाही, पण चित्राखाली 'आजी' तिने स्वतः लिहिलं आहे. काना मागून दिला, तेव्हा जरा दाटीवाटी झाली आहे.

अंजू

*

गिरावीन
४ मे २०२०

चि. अंजू, आणि माझी ओवी,

चित्र मी देवाच्या फोटोजवळ ठेवलं आहे. यतीनने विचारलं, हे कुठून आलं? म्हटलं, रेखाच्या मुलीने दिलं. रेखा म्हणजे शेजारची नागपूरची मुलगी, हॉस्पिटलात नर्स आहे. तिला मुलगाच आहे हे यतीनला माहीत नाही, म्हणून निभावलं.

ओवी, शाबास! अगदी आपली अळंबी. मी बघताक्षणी ओळखली. आता आजी सांगते तसं करायचं. पूर्ण उघडलेली घ्यायची नाही, ती चिवट होते. अंड्यासारखी कळी असतानाच काढायची, त्यातच गोडी असते. मुळापासून अलगद सोडवायची, माती झटकायची, कोमट पाण्यात हळद घालून धुवायची. अंजू, पारखायची रीत तुला सांगते. शिजताना भांड्यात लसणीच्या दोन पाकळ्या टाक. लसूण काळी पडली तर फेकून द्यायची, पांढरी राहिली तर निर्धास्त खायची. आणि एखादीला किडा लागलेला असेल तर उत्तमच. किडा विष खात नाही.

मग कांदा भरपूर, ओलं खोबरं, दोन आमसुलं. आमसुलं तिकडे मिळत नसतील, म्हणून पाकिटात चार घातली आहेत. वेंटवर्थव्हिलच्या दुकानातली आहेत, बरी आहेत. रस्सा करू नकोस, सुकंच कर.

तुम्ही दोघी ते खाल तेव्हा मी तिथे नसेन, पण माझ्या हातचंच आहे असं समजा. अडकलेल्यांना परत नेणाऱ्या विमानात नंबर लागला तर मी या महिन्यात जाईन. भेट होते की नाही, कोण जाणे. निदान माझी अळंबी तरी ओवीच्या पोटात जाईल.

तुझी,
सुरुची

*

गिरावीन
८ मे २०२०

अंजू,

ओवीच्या टॅबलेटच्या पडद्यावर मी काल फक्त 'खाऊ नका गं' एवढंच बोलले आणि रडायला लागले. तुला काही कळलं नसेल. आधी काय झालं ते लिहिते. अक्षर वाकडं आहे, हसू नकोस.

काल दुपारी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. कुंपणाच्या बुडाशी गवतात पांढऱ्या कळ्या दिसल्या. म्हटलं, तिकडे तुम्ही करणार, इकडे यतीनला मी करून घालते. ओटीत चार काढल्या आणि तेवढ्यात रेखा कुंपणावरून ओरडली, "काकू, हात लावू नका! टाका खाली!" मी म्हटलं, "अगं, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खातो." ती म्हणाली, "तुमच्याकडची ती तुमच्याकडे. इथे ओकखाली येते ती कळीत असताना अगदी तशीच दिसते. बाहेरून आलेली माणसंच फसतात, गावाकडचं म्हणून खातात. आमच्या वॉर्डात एक घरच्या घर आलं होतं." मी लसणीचं सांगितलं. ती म्हणाली, "लसणीला काय कळतंय, काकू? किड्यालाही त्याने काही होत नाही. माणसाला आधी उलट्या होतात, मग एक दिवस बरं वाटतं, आणि मग लिव्हर जातं."

माझ्या डोळ्यासमोर ओवीचं चित्र आलं. ओक. झालर. कळीच काढायची, असं मी लिहिलं होतं, मी!

तशीच चपला घालून लाल पेटीपर्यंत गेले. पत्र सोमवारी टाकलेलं, काल गुरुवार होता. पेटीत पडलेलं पत्र परत मिळत नाही हे तीस वर्षं मी लोकांना खिडकीतून सांगत आले. तरी त्या पेटीवर हात ठेवून उभी राहिले. मग घरी येऊन यतीनची मीटिंग चालू असताना त्याच्या समोरचा लॅपटॉप मिटला.

सगळं सांगितलं. महिनाभर तुला पत्रं लिहिते आहे, तुझी उत्तरं माझ्या उशीखाली आहेत, आणि मी तुम्हा दोघींना मरायची कृती लिहून पाठवली आहे. तो म्हणाला, "आई, तू अंजूला पत्रं लिहितेस?" मी म्हटलं, "ते नंतर विचार, फोन कर." चार वेळा केला, तू घेतला नाहीस. मग त्याने ओवीच्या टॅबलेटवर केला. "डॅड, मम शॉवरमध्ये आहे, वुई आर मेकिंग आजीज मश्रूम्स टुमॉरो!" असं म्हणून तिने फ्रिज उघडून वाडगं दाखवलं. पांढऱ्या कळ्या, पाण्याचे थेंब असलेल्या. कुडाळच्या बाजारात पानात बांधून येतात तशा. यतीनचा आवाज असा झालेला मी कधी ऐकला नव्हता. "पुट इट डाऊन, ओवी. वॉश युअर हॅन्ड्स. गेट मम. नाऊ." मग तू ओल्या केसांनी आलीस. त्याने फोन माझ्या हातात दिला.

अंजू, मला माझ्या ज्ञानाचा फार गर्व होता. बाकी कशाचा नव्हता. सुनेला स्वयंपाक शिकवला, नातीला अळंबी शिकवते, यात मी तरंगत होते. एका दिवसाचा उशीर झाला असता तर? रात्रभर तेवढंच मोजत पडले होते. मला क्षमा कर.

यतीन कालपासून माझ्याशी बोललेला नाही.

सुरुची

*

ओबेरॉन
८ मे २०२०

ती. आई,

आधी हे: आम्ही दोघी ठणठणीत आहोत. एकही तोंडात गेली नाही. वांडाबाईंनी ते वाडगं दोन हात लांबून काठीने हलवून बघितलं. म्हणाल्या, "असेल तीच, नसेलही. हे खाऊन शोधायचं नसतं, म्हणून मी एकोणऐंशीची झाले." मग पिशवीत गाठ मारून टाकलं, वाडगंसुद्धा.

आता मला तुमची क्षमा मागायची आहे. वाचून रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

मी केशरी टाकल्या नव्हत्या. तुमचं पत्र यायच्या आदल्या दिवशीच आम्ही खाल्ल्या होत्या. तुमचं पत्र आलं त्या दिवशीही खाल्ल्या, आणि नंतर आठवड्यातून दोनदा. वांडाबाई एकेक उचलून ओवीकडून तपासून घेतात: पाईनखालीच आहे का, दूध केशरीच आहे का, टोपीवर वर्तुळं आहेत का, बोट लावल्यावर हिरवं पडतं का. चारांतलं एकही कमी पडलं तर टाकायची. आणि आम्ही उचललेली प्रत्येक त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय घरात येत नाही. त्यांचे यजमान या जंगलात लाकूड तोडायला होते, साठ वर्षं त्या हेच खात आल्या आहेत. मी आधी विचारलं तुम्हाला, आणि उत्तर आवडलं नाही म्हणून ऐकलं नाही.

तुम्हाला आश्चर्य वाटणार नाही. दहा वर्षं मी हेच केलं. तुम्ही म्हणायचात भाजीला गूळ घाल, मी 'हो आई' म्हणायचे आणि घालायचे नाही. ओवीला सहाव्या महिन्यात अमुक द्या, 'हो आई'. तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती, आणि करायची इच्छा नव्हती.

पण या वेळी फार टोचलं. तुम्ही तिकडे एकट्या, चोरून पत्रं लिहिता, आणि मी तुम्हाला 'टाकून दिल्या' म्हणून सरळ खोटं लिहिलं. बुधवारी तुमचं पांढऱ्या अळंबीचं पत्र आलं, आत आमसुलं. आमसुलांचा वास आला आणि मला रडू आलं. ठरवलं, वांडाबाईंना विचारायचं नाही, पुस्तक बघायचं नाही, आईंनी सांगितलं तसं, अगदी तसंच करायचं. आयुष्यात एकदाच तुमचं ऐकायचं ठरवलं होतं, आई.

काल तुमचा चेहरा चौदा महिन्यांनी बघितला. तेव्हा मनात असलेलं विचारूनच टाकते. कोर्टाचं झालं तेव्हा यतीनने मला सांगितलं होतं की तुम्हाला माझं तोंड बघायचं नाही. म्हणून मी फोन केला नाही, पाडव्यालासुद्धा नाही. जो माणूस असं म्हणतो, तो ती चार आमसुलं पाठवेल का, हे मी कालपासून स्वतःला विचारते आहे.

अंजू

*

गिरावीन
१८ मे २०२०

चि. अंजू,

परवा शनिवारी तू दार उघडलंस, पुढचं सगळं तुला माहीत आहे. त्याच्या आधीचं आणि नंतरचं तुला माहीत नाही, ते लिहिते. विमानात नंबर लागला आहे, गुरुवारी निघते, दिल्लीमार्गे. तिथे चौदा दिवस हॉटेलात कोंडून ठेवणार म्हणे.

तुझं पत्र मंगळवारी आलं. आधी तुझ्या केशरीचं वाचलं. तुला वाटलं असेल, सासू चिडेल. अगं, दहा वर्षं तू माझं ऐकत नाहीस म्हणून मी शेजारीपाजारी कुरकुर केली, आणि मंगळवारी ओट्यापाशी उभी राहून त्याच गोष्टीसाठी देवाला हात जोडले. तू पालथा घडा आहेस असं मी म्हणायचे. तो घडा पालथाच राहू दे, बाई. फक्त यापुढे 'हो आई' म्हणू नकोस. 'नाही' म्हण. ऐकायला मला कठीण जाईल, पण शिकेन.

मग शेवटचा परिच्छेद वाचला. तुझं तोंड बघायचं नाही, असं मी कधी म्हटलं नाही. स्वप्नातही नाही. उलट मला यतीन म्हणाला होता की अंजूने आपल्या सगळ्यांशी संबंध तोडला, फोन करू नकोस, तिला त्रास होतो. मी मानलं. दोघींनीही मानलं, अंजू. आपला दोष तोही आहे.

यतीन अजून माझ्याशी फक्त 'मीठ दे', 'दूध संपलं' एवढंच बोलत होता. मी तुझं पत्र उघडून त्याच्या लॅपटॉपवर ठेवलं आणि आत जाऊन पोळ्या लाटत बसले. हे पंधरा दिवसांपूर्वी मला जमलं नसतं. पण ज्या बाईच्या हातून नात मरता मरता वाचली, तिला मुलाच्या रागाची काय भीती? तो चिडेल, विमानापर्यंत बोलणार नाही, बोलू नये. त्याने पत्र वाचलं, घडी घातली आणि जेवायला आला नाही. तीन दिवस तसेच गेले. शनिवारी सकाळी म्हणाला, "आई, दोन स्वेटर घाल. ओबेरॉनला थंडी असते."

डोंगर चढून झाल्यावर मी विचारलं, "अंजूला कळवलंस?" म्हणाला, "मेसेज केला. 'या' एवढंच आलं." त्या 'या'वर तो गाडी चालवत होता, हे मला दिसत होतं.

तू दारात उभी होतीस, आणि मला कोरोनाचं सगळं आठवत असूनही मी तुला धरलं. पुढे पाईनच्या रांगेत ओवीने माझी परीक्षा घेतली ती तू लांबून बघत होतीस. ती काय म्हणाली ते तुला ऐकू आलं नसेल. मी एक केशरी उचलली, कापली, दूध आलं, वाट बघितली, हिरवं पडलं. सत्तर वर्षांच्या माझ्या जिभेने आतून ओरडून सांगितलं की टाक. मी ओवीला विचारलं, "ओवी, ही चालेल का गं?" ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, यू हॅव टु आस्क वांडा टू. आय ॲम ओन्ली नाईन." मला जे सत्तराव्या वर्षी कळलं नाही ते तिला नवव्या वर्षी कळतं. तू तिला चांगलं वाढवते आहेस. हे मी तुला कधी म्हटलं नव्हतं, आता लिहून ठेवते.

सुकं छान झालं होतं. गूळ नव्हता, तेही बरं होतं.

परत येताना लिथगोपाशी त्याने गाडी बाजूला घेतली. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला, "आई, तुला एक सांगायचं आहे." मी म्हटलं, "मला माहीत आहे. मला सांगू नकोस, जिला सांगायचं तिला सांग. आणि फोन नको, फोनवर तुझा आवाज चढतो. लिही." तो म्हणाला, "मराठीत लिहून पंधरा वर्षं झाली." मी म्हटलं, "मग चुका होतील. होऊ देत."

लिहितो की नाही, ठाऊक नाही. मी त्याच्या वतीने तुला काही सांगणार नाही. मधल्या माणसाने निरोप पोचवले की काय होतं, ते आपण बघितलं.

तुझी,
आई

*

गिरावीन
२४ मे २०२०

अंजू,

आई गुरुवारी गेली. तिचा हॉटेलमधून मेसेज आला, डाळ पातळ आहे म्हणून. म्हणजे बरी आहे.

चार वेळा लिहायला बसलो. प्रत्येक वेळी 'परिस्थितीच तशी होती' असं काहीतरी लिहिलं आणि फाडलं. आता सरळ लिहितो.

आई कधीच म्हणाली नाही की तिला तुझं तोंड बघायचं नाही. ते मीच बनवलेलं होतं. तू तिला फोन केला असतास तर तुझ्या बाजूचं ती ऐकली असती आणि मला बोलली असती, ते मला नको होतं. ओवीला या वर्षी आणायचं नाही हेही आईच्या तब्येतीसाठी नव्हतं. ओवी आली की आईसमोर तुझं बोलणं निघेल, आणि आई विचारेल की नक्की काय झालं. मला सांगावं लागलं असतं की घर सोडून जायला तुला मी सांगितलं होतं. आईला आणि सगळ्यांना मी सांगितलंय की तू निघून गेलीस.

तुझ्याजवळ मी आईचं नाव पुढे केलं आणि आईजवळ तुझं. दोघी एकमेकींवर रागावलात, माझ्यावर कोणीच रागावलं नाही. मला ते सोयीचं वाटलं. त्या दिवशी टॅबलेटवर ते वाडगं बघितलं तेव्हा लक्षात आलं की आईला तुझ्याशी सरळ बोलता आलं असतं तर ते पत्र लिहायची वेळच आली नसती. तू फोनवर म्हणाली असतीस, आई, इथली वेगळी असते. दोन मिनिटाचं काम होतं.

आईला मी ती जायच्या आधी विमानतळावर खरं सांगितलं. मास्क होता, चेहरा दिसला नाही. आत जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग परत वळून म्हणाली, "मी अजून रागावलेली आहे." बरं वाटलं, खरं सांगायचं तर.

मला काही परत मागायचं नाही. ओवीला दर पंधरा दिवसांनी भेटायचं कागदावर ठरलंय, ते मी पाळलेलं नाही. येत्या शनिवारी नऊ वाजता तुझ्या फाटकाबाहेर गाडीत थांबेन. तिला यायचं असेल तर येईल. तिला नको असेल, किंवा तुला नको असेल, तर मी परत जाईन. आणि ओवी का नाही आली असं आईने विचारलं तर सांगेन, की माझ्यामुळे.

यतीन